मातीच्या शेततळ्यात पंगस खच्चून भरलेत, पाणी कायम गढूळ: आधी काय करायचं?

फेब्रुवारी लागला की विदर्भ-मराठवाड्यातून एकच तक्रार ऐकू येते. शेततळं मातीचं, प्लास्टिक अंथरलेलं नाही. जुलै-ऑगस्टात पंगस माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडलं. दिवाळीपर्यंत मासे बरे वाढले, मग जे थांबले ते थांबलेच. आता पाणी दुधाच्या चहासारखं झालंय, वीतभर खोलीवरचंही दिसत नाही. मासे दीडशे-दोनशे ग्रॅमवर अडकलेत, खाद्याचं बिल मात्र वाढतच चाललंय. तुरटी टाकली की पाणी आठ-दहा दिवस निवळतं आणि पुन्हा पूर्वीसारखं होतं. मागच्या वर्षीही असंच झालं होतं.

तक्रार नेहमी पाण्याची असते आणि विचारणा तुरटीची. माझं म्हणणं असं की उपाय उलट्या क्रमाने चाललाय. आधी मासे कमी करायचे, मग पाणी निवळायचं. आणि पुढच्या वर्षी हे टाळायचं असेल तर बीज सोडताना ऑगस्टच्या भरलेल्या तळ्याकडे बघायचं नाही, मार्चमध्ये जेवढं पाणी उरतं तेवढ्याचाच हिशेब धरायचा.

तळं ऑगस्टात किती आणि मार्चात किती

शेततळ्याच्या योजनेत सर्रास दिसणारा आकार घ्या: ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक. तळाशी ते २४ × २४ मीटर भरतं. काठोकाठ भरलं की त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी असतं. आता हरभऱ्याला दोन पाणी दिली, गव्हाला दिली, थोडं झिरपलं, थोडं उन्हाने गेलं आणि खोली एक मीटरवर आली. पाण्याचा पृष्ठभाग उरला २६ × २६ मीटर आणि पाणी उरलं साधारण ६२५ घनमीटर, सव्वासहा लाख लिटर. डोळ्यांना तळं ‘एक तृतीयांश उरलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात पाणी अठ्ठावीस टक्के असतं. मासे मात्र तेवढेच. एकही न वाढवता तुम्ही गर्दी साडेतीनपट केलेली असते.

मत्स्यबीज विकणारा तळ्याची लांबी-रुंदी विचारतो, मार्चात पाणी किती उरतं ते विचारत नाही. नऊ गुंठ्यांच्या तळ्याला तीन हजार, कधी पाच हजार नग सहज खपवले जातात. ‘मरतूक धरा’ असं सांगून वर आणखी चारशे-पाचशे दिले जातात. पंगस चिवट, मरतूक कमी होते. तीन हजारांतले अडीच-पावणेतीन हजार मार्चपर्यंत टिकतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

गर्दी किती याचा खरा अंदाज खाद्यावरून येतो. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाही आणि पाणी बदलायची सोय नाही अशा तळ्यात हेक्टरी रोज तीस-चाळीस किलोच्या वर खाद्य जिरत नाही. त्यापुढचं खाद्य आणि त्यातून येणारी विष्ठा पाण्यात अमोनिया होऊन साठते. मार्चमधल्या पावणेसात गुंठ्यांच्या पाण्याला हा हिशेब लावला तर दिवसाला दोन ते पावणेतीन किलो खाद्य, बस्स. आता तुमच्या तळ्यात दीडशे ग्रॅमचे तीन हजार मासे असतील तर वजन झालं साडेचारशे किलो. त्यांना वजनाच्या दोन टक्के खाद्य द्यायचं तर रोज नऊ किलो लागतं. तळं पेलतं त्याच्या तिप्पट-चौपट. नऊ किलो टाकलं तर पाणी खराब होतं आणि अडीच किलो टाकलं तर मासे उपाशी राहतात. मासे वाढत नाहीत याचं कारण इथे आहे. खाद्याचा ब्रँड बदलून, टॉनिक टाकून, प्रोबायोटिकची बाटली ओतून हे गणित बदलत नाही.

तळ्यात नक्की कोण आहे ते आधी बघा

फोनवर सगळेच ‘मागूर’ म्हणतात. मिशा दिसल्या की मागूर. पण उपाय माशागणिक बदलतो, म्हणून दहा-वीस मासे पकडून नीट बघा.

पंगस चंदेरी, पाठीवर निळसर-करडा, शेपटी खोल दुभंगलेली आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर छोटासा मांसल पर असतो. बाजारात हाच बहुतेक वेळा ‘बासा’ म्हणून विकला जातो. तो तळ्यात आपोआप प्रजनन करत नाही. हॅचरीत त्याला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊनच अंडी घ्यावी लागतात. म्हणजे तळ्यात पंगसची गर्दी असेल तर ती सोडलेल्या बीजाचीच असते. मासे लहान-मोठे दिसले तरी एकाच वयाचे असतात. दांडगे खाद्य आधी पटकावतात, बाकीचे मागे राहतात.

शिंगी, शिंगटा आणि देशी मागूर मात्र पावसाळ्यात तळ्यात किंवा तळ्याला लागून असलेल्या साचल्या पाण्यात पिल्लं घालू शकतात. जाळ्यात बोटाएवढे, वीतभर आणि हातभर असे तीन-चार मापांचे मासे एकदम आले तर समजा की आतल्या आत पैदास चाललीय. तिलापिया असेल तर तेच, जरा अधिकच. अशा तळ्यात एकदा विरळणी करून भागत नाही, उन्हाळ्यात तळं कोरडं करावंच लागतं.

तिसरी शक्यता गंभीर आहे. पाठीवर संगमरवरासारखे काळे-करडे डाग, चपटं रुंद डोकं, चार जोड्या मिशा, पाठीचा पर लांबलचक शेपटीपर्यंत गेलेला, आणि सहा-आठ महिन्यांत किलोच्या पुढे गेलेला मासा असेल तर तो बहुतेक आफ्रिकन मागूर आहे. बाजारात त्याला थाई मागूर म्हणतात. देशी मागूर तळ्यात एवढ्या काळात शे-दीडशे ग्रॅमच्या आसपासच असतो. आफ्रिकन मागूरवर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने असे साठे नष्ट करायचे आदेश दिले. महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने अशी तळी रिकामी करून मासे पुरले आहेत. ‘देशी’ म्हणून बीज दिलं गेलं आणि निघाला हा, असं होतं. संशय आला तर विरळणी करून विकायच्या भानगडीत पडू नका. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा आणि तळं पूर्ण रिकामं करा. आणि दया म्हणून किंवा कटकट नको म्हणून एकही मासा नाल्यात सोडू नका. नदीत गेला तर तो तिथले देशी मासे खाऊन फस्त करतो आणि मग त्याला परत आणण्याचा कुठलाही मार्ग उरत नाही.

पुढचं बहुतांश पंगसबद्दल आहे, कारण विचारणा त्याचीच जास्त असते.

गढूळपणा माशांनी केलाय की मातीने?

हे तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी काठापासून थोडं आत जाऊन, चिखल न ढवळता, एक लिटरची पारदर्शक बाटली भरून घ्या. घरात सावलीत हलवल्याशिवाय ठेवून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरचं पाणी स्वच्छ आणि तळाशी गाळ बसला, तर गढूळपणा ढवळण्याचा आहे: मासे, म्हशी, वारा, पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) यांपैकी कुणाचा तरी. आठवडा झाला तरी पाणी तसंच मातकट राहिलं तर तो चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि आपणहून कधीच खाली बसत नाहीत. काळ्या कापसाच्या जमिनीत, विशेषतः चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत, हा प्रकार नेहमीचा. आणि बाटलीतलं पाणी हिरवट असेल, उजेडात धरल्यावर हिरवे ठिपके तरंगताना दिसले, तर ते शेवाळ आहे, माती नाही. त्यात तुरटी टाकायचं काहीच कारण नाही.

पंगसवर एक अन्याय होतो, तोही सांगतो. तो मुळात तळ उकरणारा मासा नाही. पोट भरलेलं असेल तर बराचसा वेळ मधल्या पाण्यात फिरतो. पण उपाशी पंगसचा कळप खाद्याच्या शोधात तळाशी जातो, आणि एक मीटर पाण्यात अडीच हजार मासे फिरले तर गाळ उठणारच. तळ्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा असेल तर आधी त्याच्याकडे बघा. तोंडाने चिखल उपसत फिरणं हीच त्याची सवय आहे, आणि मोठे सायप्रिनस थोडे असले तरी आख्खं तळं गढूळ ठेवतात.

अनेकदा दोन्ही कारणं एकत्र असतात: बांध ढासळतोय, शेतातलं पाणी गाळ घेऊन थेट तळ्यात उतरतंय आणि वरून माशांची गर्दी. अशा वेळी बाटलीत निम्मा गाळ बसतो, वरचं पाणी मात्र दुधाळ राहतं.

गढूळपणाचं खरं नुकसान दिसत नाही. उजेड खाली पोहोचत नाही म्हणून शेवाळ वाढत नाही. शेवाळ नाही म्हणून दिवसा प्राणवायू तयार होत नाही. आणि शेवाळच पाण्यातला अमोनिया शोषून घेतं, तेच नाही म्हटल्यावर अमोनिया साठत जातो. पंगसला वर येऊन हवा गिळता येते, तो जगतो. पण अमोनियाच्या पाण्यात भूक मरते, कल्ले खराब होतात, अंगावर लाल चट्टे येतात. मासा जिवंत दिसतो म्हणून मालकाला वाटतं सगळं ठीक आहे.

यावरून निघणारा एक गैरसमज: ‘मासे सारखे वर येतात, ऑक्सिजन कमी आहे.’ पंगस, मागूर, शिंगी हे सगळे एरवीही वर येऊन हवा घेतात. पटकन वर, एक घोट, लगेच खाली, हे ठीक आहे. मासे वरच रेंगाळत असतील, काठाला लागून तोंड वर करून उभे असतील, टाळी वाजवली तरी बुडी मारत नसतील, तर धोका आहे. तळ्यात पाच-पंचवीस रोहू-कटला असतील तर पहाटे त्यांच्याकडे बघा. त्यांना हवेतून श्वास घेता येत नाही, त्यामुळे प्राणवायू घटला की तेच आधी वर दिसतात.

मासे मरायलाच लागले असतील तर खाद्य त्याच क्षणी बंद करा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते उंचावरून, फवारा करून तळ्यात सोडा. नसेल तर तळ्यातलंच वरचं पाणी पंपाने उचलून फवारत परत तळ्यात पाडा. तळाचा फूटव्हॉल्व्ह लावून चिखल मात्र ढवळू नका. त्या दिवशी जाळं ओढायचं नाही, तुरटी नाही, शेण नाही, युरिया नाही. दोन दिवस मासे शांत झाले की पुढच्या कामाला लागा.

मासे किती आहेत?

‘तीन हजार सोडले होते’ हे उत्तर नाही. बीज मोजताना चूक झालेली असते, बगळ्यांनी, सापांनी, शेजाऱ्यांनी नेलेले असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांनी मोजणं अशक्य. पण एक जुनी आणि भरवशाची पद्धत आहे, दोनदा जाळं टाकायला लागतं इतकंच.

खाद्याच्या जागी आणि तळ्याच्या इतर कोपऱ्यांत फेकजाळं टाकून शंभर मासे पकडा. प्रत्येकाच्या शेपटीचं वरचं टोक कात्रीने किंचित कापा. नखाएवढंच, रक्त येणार नाही इतकं. मासे परत सोडा. पाच दिवसांनी पुन्हा जाळं टाका, या वेळी तळ्याच्या सगळ्या बाजूंनी. समजा एकशेवीस मासे आले आणि त्यांत शेपूट कापलेले पाच निघाले. शंभर गुणिले एकशेवीस, भागिले पाच: दोन हजार चारशे. तळ्यात साधारण इतके मासे आहेत. खुणेचे मासे पाचाहून कमी आले तर आकडा फार ढोबळ समजा आणि आणखी मासे पकडून बघा. दुसऱ्यांदा फक्त खाद्याच्या जागीच जाळं टाकलं तर आकडा फसतो, कारण तिथे तेच ते धीट मासे येतात.

त्याच वेळी तीस-चाळीस मासे वजन करून सरासरी काढा. सरासरी गुणिले संख्या म्हणजे तळ्यातलं एकूण वजन. आता वरच्या खाद्याच्या हिशेबाशी ते ताडून बघा. मार्चच्या एक मीटर पाण्यात, एरेटर नसताना, दीडशे-पावणेदोनशे किलो मासे सुखाने राहतात. अर्ध्या किलोचे धरले तर तीनशे-साडेतीनशे नग; मोठा मासा वजनाच्या दोन टक्क्यांहून कमी खातो, म्हणून हे बसतं. पंगस हवा गिळून तगतो म्हणून याच्या दुप्पट वजन काढणारे शेतकरी आहेत, पण त्यांच्याकडे बहुधा बदलायला पाणी असतं. तुमच्याकडे विहीर-कालवा असेल तर तुम्हीही जा तेवढं. नसेल तर लोभ धरू नका.

विरळणी

भाजीच्या वाफ्यात रोपं उपटताना जसा जीव कासावीस होतो तसा इथे होऊ देऊ नका. दोन हजार चारशे दीडशे-ग्रॅमी माशांतून दोन हजार काढायचे म्हटलं की मालक म्हणतो, ‘अजून महिनाभर थांबू, जरा मोठे होऊ दे.’ महिन्याने ते एकशेसाठ ग्रॅमचे होतात आणि पाणी आणखी फूटभर खाली जातं. लहान मासा स्वस्त जातो हे खरं. पण त्या महिन्याचं खाद्य वाचतं, मरतुकीचा धोका टळतो आणि उरलेले मासे खरंच वाढायला लागतात. हे तिन्ही धरले तर लवकर काढणंच फायद्याचं ठरतं.

थंडीचाही विचार करा. पाणी वीस-बावीस अंशांखाली गेलं की पंगस खाद्य सोडायला लागतो. नागपूर, गोंदिया, नाशिक, परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत शेततळ्याचं पाणी सहज तिथवर येतं. त्या दोन महिन्यांत वाढ जवळजवळ थांबते आणि पाणी थंड राहिलं तर रोगही लागतात. म्हणून पहिली विरळणी नोव्हेंबरच्या शेवटी, थंडी पडायच्या आत व्हायला हवी. ती राहिली असेल तर आता, फेब्रुवारीच्या शेवटी ऊब आली की लगेच.

आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. पोट रिकामं असलं की मासे वाहतुकीत कमी मरतात आणि टाकीतलं पाणीही लवकर खराब होत नाही. जाळं सकाळी ओढा, पण अगदी पहाटे नको, तेव्हा प्राणवायू सगळ्यात कमी असतो. ऊन थोडं वर आलं की सुरू करा, तापायच्या आत संपवा. मातीच्या तळ्यात महाजाळ्याची शिशाची दोरी चिखलात रुतते आणि मासे खालून निसटतात. म्हणून दोरी जरा हलकी ठेवा, दोघांनी पायाने ती तळाला दाबत चला. दोन-तीनदा आख्खं तळं ओढण्यापेक्षा खाद्याच्या कोपऱ्यात उचलजाळं अंथरून ठेवणं मला जास्त पटतं. आठ दिवस त्याच जागी, त्याच वेळेला थोडं खाद्य टाका, मासे सरावतात. मग एका दिवशी खाद्य टाकून जाळं उचला. चिखल ढवळला जात नाही, तळातला सडका वायू वर येत नाही, आणि हवे तेवढेच मासे निघतात.

पंगसच्या छातीच्या परांचे काटे जाळ्यात अडकतात. ओढाताण करू नका, काटा मागच्या बाजूला दाबून सोडवा. शिंगी असेल तर मात्र फार जपून. तिच्या काट्यात विष असतं आणि वेदना भयंकर होतात. काटा लागला तर हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, त्याने वेदना उतरतात. मग दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते बघून घ्या.

मोठे आधी काढायचे की लहान? मोठ्यांना भाव मिळतो, म्हणून सगळे मोठे काढतात आणि मागे खुरटलेल्यांची गर्दी उरते. एकूण वजन घटलं तर तेही चालेल, पण मग मोठ्यांबरोबर अगदीच बारके, जखमी, डोकं मोठं आणि अंग बारीक झालेले हेही काढून टाका. मधल्या मापाचे ठेवा. ते पुढच्या दोन महिन्यांत सगळ्यात चांगले वाढतात.

विकताना गिऱ्हाईक ‘मातीचा वास येतो’ म्हणून परत फिरत असेल तर दोष माशाच्या जातीत नाही. तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि चिखलातल्या जिवाणूंतून जिओस्मिन नावाचं द्रव्य माशाच्या चरबीत उतरतं. स्वच्छ वाहत्या पाण्याच्या टाकीत खाद्याशिवाय चार-सहा दिवस मासे ठेवले की वास बराच जातो.

आता पाणी

मासे आटोक्यात आले की आठ-दहा दिवस काहीही न करता थांबा. ढवळण्याचा गढूळपणा असेल तर बराचसा याच काळात बसतो आणि खर्चच वाचतो. पाणी तरीही दुधाळ राहिलं तर मग तुरटी किंवा जिप्सम, आणि तेही बाटलीत तपासून.

दहा ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. तळ्याच्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या चार बाटल्या भरा. सिरिंजने पहिलीत या द्रावणाचं एक मिली, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार मिली टाका. हे झालं लिटरला दहा, वीस, तीस, चाळीस मिलिग्रॅम. हलवून तासभर ठेवा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत गाळाचे पुंजके होऊन खाली बसतात ती तुमची मात्रा. बहुतेक ठिकाणी पंधरा ते पंचवीसच्या मध्ये काम होतं. ६२५ घनमीटर पाण्याला लिटरमागे वीस मिलिग्रॅम म्हणजे साडेबारा किलो तुरटी. अंदाजाने पोतं ओतायची गरज नसते.

तुरटी पाण्याची क्षारता खाते. प्रयोगशाळेच्या अहवालात हिचा उल्लेख टोटल अल्कलिनिटी असा असतो. टाकलेल्या दर एक मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता जाते आणि ती संपली की सामू (pH) झपाट्याने घसरून मासे मरतात. बेसाल्टच्या काळ्या जमिनीतल्या पाण्यात क्षारता भरपूर असते, तिथे सहसा अडचण येत नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीत पाणी मऊ असतं, तिथे आधी शेतीचा चुना टाकून क्षारता वाढवा, मगच तुरटी. पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा मृद-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्या, खर्च किरकोळ आहे.

जिप्सम अधिक सौम्य. सामू खाली नेत नाही आणि परिणामही जास्त दिवस टिकतो, पण लागतं भरपूर. दहा लिटरच्या तीन बादल्यांत सोनाराच्या काट्यावर तोललेलं एक, दोन, तीन ग्रॅम जिप्सम टाकून बघा. हे लिटरला शंभर, दोनशे, तीनशे मिलिग्रॅम होतं. दोनशेची मात्रा लागली तर ६२५ घनमीटरला सव्वाशे किलो. तळ्यात मासे असताना मी जिप्समच निवडेन, विशेषतः जमीन चोपण असेल तर. दोन्हींतलं काहीही टाकताना वारा नसलेली सकाळ बघा, पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडा.

गवत-कडब्याच्या पेंढ्या टाकून पाणी निवळतं असं सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. पण कुजताना त्या प्राणवायू ओढतात. मासे भरलेल्या तळ्यात हा प्रयोग करू नका.

एक सावधगिरी: गर्दीच्या तळ्यातलं साठलेलं खत पाणी निवळताच उजेडात येतं आणि आठवड्यात शेवाळाचा गडद हिरवा थर धरू शकतो. हिरवेपणा हवाच, पण हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा पुसटसा दिसेल इतपत. त्याहून दाट झालं तर खाद्य निम्म्यावर आणा. हेही एक कारण की आधी मासे कमी करायचे.

मे महिन्यात तळं कोरडं करा

तळ्यात पैदास करणारे मासे असतील तर हे टाळता येत नाही. मागूर-शिंगी ओल्या चिखलात दडून बसतात, म्हणून नुसतं पाणी उपसून भागत नाही, तळाला भेगा पडेपर्यंत ऊन द्या. शेवटचं पाणी उपसता येत नसेल तर मोहाची पेंड वापरता येते. मात्रा लिटरला अडीचशे मिलिग्रॅम, म्हणजे शंभर घनमीटर पाण्याला पंचवीस किलो. त्यानंतर तीन आठवडे तरी नवं बीज सोडू नका. कीटकनाशक टाकून मासे मारायचा विचारही नको, तेच पाणी पिकाला आणि गुरांच्या तोंडात जातं.

गाळ काढून शेतात पसरा. चुना मात्र माती तपासूनच, काळ्या जमिनीत सामू आधीच जास्त असेल तर चुन्याचा पैसा वाया जातो.

बांधाच्या आतल्या उतारावर वाळा लावा. हराळीही माती धरते, पण ती शेतात घुसेल याची तयारी ठेवा. एकास एक उतार काळ्या मातीत दर पावसाळ्यात ढासळतो. नव्याने खोदत असाल तर दीडास एक ठेवा. पाणी जिथून आत येतं तिथे आधी गाळ बसण्यासाठी खड्डा घ्या आणि म्हशींना तळ्यात उतरू देऊ नका, त्यांच्यासाठी बाहेर हौद बांधा. सांडव्याला बारीक जाळी लावा आणि दर मोठ्या पावसानंतर ती साफ करा. तुंबलेल्या जाळीवरून पाणी गेलं की मासे थेट ओढ्यात जातात. बांधाभोवती दोन फूट उंचीची जाळी असली की मागूरसारखे ओल्या जमिनीवरून सरपटणारे मासे आत-बाहेर करू शकत नाहीत.

बीज घेताना मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) किंवा इवलीशी बोटुकली हजारोंनी घेण्यापेक्षा वीस-तीस ग्रॅमची जोमदार बोटुकली मोजून घ्या. वर सांगितलेल्या तळ्याला सहाशे पुरेत. चांगल्या वाढीत नोव्हेंबरअखेर ती चारशे ग्रॅमच्या आसपास येतात. तेव्हा निम्मी काढून विका. उरलेली तीनशे मार्चच्या सव्वासहा लाख लिटरला जड होत नाहीत. पाणी एक मीटरच्याही खाली जाईल असं वाटत असेल तर शेवटची काढणी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका, उन्हाळी पिकाला पाणी सोडायच्या आधी.